रेजिस डुडाशच्या मागे कोण होतं

रेजिस डुडाशने डेनी फरेन्कोच्या अंगावर उकळतं तेल ओतलं, ही बातमी शनिवारी सकाळपर्यंत आमच्या डोरसी फेरी गावच्या दोन्ही पेट्रोल पंपांवर पोहोचली होती. खोटी आहे. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मी रेजिसच्या शेजारच्याच वाढपाच्या खिडकीत कोबीची कोशिंबीर वाढत होते. तेल होतं तिथेच राहिलं. डेनीच्या शर्टावर डाग होता तो सॉसचा, आणि तसा त्याच्या शर्टावर दर शुक्रवारी असतो.

रेजिस माझा शेजारी, कुंपणाला कुंपण लागून. कारखाना बंद पडेपर्यंत भट्टीवर होता, मग गावचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. बायको मार्लीन वारल्यापासून एकटाच असतो. ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मटण चालत नाही, मासे चालतात; ते सगळे शुक्रवार हा हॉलमध्ये उभा राहून विक्रीचे मासे तळतो, का तर गावाला नवा बंब घ्यायचाय. असा हा माणूस. आणि गावात त्याला कुणी हाक मारत नाही, टाटा करतात. तो दिसला की हात खांद्यावरून मागे न्यायचा आणि हलवायचा. रांगती पोरंसुद्धा करतात, का ते न कळता.

कारण असं, की शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात रेजिस कॉर्नरबॅक होता. म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहायचं. समोरच्यांचा सगळ्यात चपळ गडी तुमच्या वाट्याला येतो. तो कुठे पळणार ते त्याला माहीत असतं, तुम्हाला नाही. तुम्ही उलट्या पावली सुटायचं आणि त्याला लांबचा चेंडू झेलू द्यायचा नाही. काम जमलं तर दिवसभर तुमचं नाव कुणी घेत नाही. अंतिम सामन्याच्या शेवटच्या खेळीत ते जमलं नाही. समोरचा पोरगा रेजिसला मागे टाकून गेला, चेंडू झेलला, आणि पळता पळता वळून त्याला टाटा केला. आम्ही हरलो. रविवारच्या पेपरात फोटो आला. फोटोत दोघंच होते, टाटा करणारा आणि मागे तोंड वासून रेजिस.

त्याच्या लग्नात डेनीनेच पेला उंचावून अख्ख्या मांडवाला टाटा करायला लावलं होतं. रेजिस नोकरीतून निवृत्त झाला तेव्हा केकवर क्रीमचा हात काढला होता. रेजिसने तो कापला आणि गपगुमान खाल्ला.

तर परवाचा शुक्रवार. शहरातल्या आमच्या व्यावसायिक संघाने त्याच आठवड्यात जेव्हॉन प्रिडी नावाचा नवा कॉर्नरबॅक घेतला होता. त्यामुळे हॉलमध्ये माशापेक्षा त्याचीच चिरफाड जास्त चालू होती. आमच्या खिडक्यांसमोरच्या टेबलावर डेनी होता. शाळेत तोही त्याच संघात होता, आता गालिचे विकतो. शेजारी चक मिखालिक, आमचा जुना पोस्टमन.

"कंबर बघ त्याची," चक म्हणाला. "पळता पळता कशी वळते. माझी अशी वळली असती तर बायको सोडून कशाला गेली असती."

"तुझी कंबर आहे कुठे ते आधी शोध," डेनी म्हणाला. "हात लांब आहेत त्याचे, ते कबूल. पण पकडापकडी फार. समोरच्याचा शर्ट ओढतो आणि शिक्षा सगळ्या संघाला. आणि कुणाला अंगावर घेऊन पाडायची वेळ आली की साहेबांना बुटाची नाडी आठवते."

"वेग तर आहे ना?"

"आहे की. हे बघ कुठल्या कामाचा."

त्याने फोन पुढे सरकवला. ज्या खेळीमुळे जुन्या संघाने प्रिडीला काढलं तीच. एक जण चेंडू घेऊन पुढे, प्रिडी मागे. त्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. मग डेनीने मान न वळवता हात खांद्यावरून मागे नेला आणि तळणीच्या खिडकीच्या दिशेने हलवला.

"काय रे रेजिस, तुझा धाकटा भाऊ घेतलाय बघ."

टेबल हसलं. रेजिस हात पुसत बाहेर आला, फोनवर वाकला. त्याने एकदाच पाहिलं.

"याचा सेफ्टी कुठाय?"

सेफ्टी म्हणजे कॉर्नरबॅकच्याही मागे उभा राहणारा शेवटचा राखणदार. त्याच्या भरवशावरच कॉर्नरबॅक पळतो.

"चित्रात तर नाही," चक म्हणाला.

"ते दिसतंय मला. असायला कुठे हवा होता? डेनी, तू सांग. तू सेफ्टी होतास."

रेजिसला काय हवं होतं ते मला तिथून दिसत होतं. चूक कुणाची होती ते डेनीने एकदा, सगळ्यांदेखत, तोंडाने बोलावं, बस. मार्लीन होती तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातून हेच भांडण माझ्याकडे ऐकू यायचं. ती म्हणायची, बोलून टाक. सुरुवातीला तो म्हणायचा, डेनीची कॉलेजच्या संघातली जागा जाईल. मग म्हणायचा, आता दुकान आहे त्याचं. मग म्हणायचा, जाऊ दे.

डेनीने माशाचा तुकडा सॉसमध्ये बुडवला. "अरे, मीच तर चुकलो होतो तेव्हा. तुझ्या मागे थांबायचं सोडून चेंडू पळवायला पुढे धावलो. कॉलेजवाले बघायला आले होते ना." उद्या पाऊस आहे म्हणावं, तशा सुरात. "कोचनी सोमवारी सगळ्यांना सांगितलं होतं की."

"सोमवारी?"

"तू तो आठवडाभर शाळेतच आला नव्हतास. चकला माहीत आहे. हिला विचार," म्हणून त्याने काटा माझ्याकडे केला.

मी कोशिंबीर ढवळली. माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं? पण टाटा करायला फोटोतला माणूस लागतो, आणि डेनी फोटोत नव्हता.

"आम्हाला वाटलं, तुलाही माहीत आहे," चक म्हणाला. "गंमत चालते रे आपली."

रेजिस आत गेला आणि त्याने तळणीचा गॅस बंद केला. रांग दारातून पार गाड्यांपर्यंत गेली होती. पिठात घोळवलेले मासे परातीत तसेच पडून होते. रांगेतून कुणीतरी विचारलं, संपले का. रेजिस एप्रनची गाठ सोडत बसला.

डेनी ताटली हातात घेऊनच उठून खिडकीशी आला. आता त्याचा आवाज चढला होता. "एवढं लागत होतं तर तेव्हाच बोलायचं होतंस. तोंड कुणी बांधलं होतं तुझं?"

रेजिसने एप्रन घडी घालून खिडकीत ठेवला.

"मी तुला वाचवत होतो, डेनी. तुला कुणी मारतच नव्हतं, हे मला कुठे ठाऊक."