हुक तपासणारा

दोह्याच्या मदिनत खलीफा भागात आमच्या शेजारच्या व्हिलात एक फ्रेंच इंजिनिअर राहायचा. वर्ल्ड कपसाठी उभ्या राहत असलेल्या एका स्टेडियमच्या छताचं काम त्याच्याकडे होतं. एका हिवाळ्यात त्याचे नव्वदी ओलांडलेले वडील राहायला आले. "पप्पांना आयुष्याची हकिगत लिहायची आहे, पण हात कापतात. तुम्ही लिहून घ्याल?" त्याने विचारलं. पुण्यात मी बारा वर्षं फ्रेंच शिकवलं होतं, आणि दोह्यात त्याचा उपयोग चीजच्या पाकिटावरचं वाचण्यापुरता उरला होता. घरी मी मराठीत बोलायचे आणि मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची. कोणीतरी माझा शब्द न् शब्द ऐकेल, या आशेने मी जराही भाव न खाता हो म्हटलं.

म्हातारे कर्नल म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी मी नेलेला बेसनाचा लाडू त्यांनी अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधून खिशात ठेवला. मग सुरुवात केली. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा हा मुलगा. जर्मन आले तेव्हा आईला 'पीठ आणायला जातो' सांगून निघाला, तो मासेमारीच्या होडीतून थेट इंग्लंडला. तिथे पॅराशूटने उड्या मारायला शिकला आणि पंचविशीच्या आत अधिकारी झाला. पुढे इंडोचायनातलं युद्ध, तिथे पायात शिरलेली गोळी, बढत्या, निवृत्ती, मधमाश्या. बढत्या त्यांनी एका सकाळीत उरकल्या, मधमाश्यांना चार सकाळी दिल्या. दोह्यात ते अरबीतला एकच शब्द शिकले होते, यल्ला, म्हणजे चला. चहा आला की यल्ला, लिखाण सुरू करायचं की यल्ला.

उडीची रीत त्यांनी मला उभं राहून दाखवली. विमानात सगळे एकामागे एक उभे. प्रत्येकाच्या पॅराशूटची दोरी वरच्या तारेला हुकाने अडकवलेली. आपला हुक आपण तपासायचा नाही, तो पाठीमागच्याने तपासायचा. तो दोनदा ओढून बघणार आणि खांद्यावर थाप मारणार. थाप मिळाली की जायचं. आणि पहिली उडी नेहमी अधिकाऱ्याची.

"आपल्या पॅराशूट तुकडीतला फ्रान्सच्या मातीवर उतरलेला पहिला माणूस म्हणजे माझे वडील," हे मुलाने मला तीनदा सांगितलं होतं, त्यातलं एकदा गाडी पार्क करता करता.

एका सकाळी कर्नलांनी चहा बाजूला सारला. "आज विमानाचं दार उघडल्यानंतरचं लिहा," म्हणाले. फ्रान्सवरच्या त्या उडीची पहाट होती. हिरवा दिवा लागला. मागच्या कॉर्पोरलने हुक दोनदा ओढला, थाप मारली.

"आणि माझे पाय हलले नाहीत. भीती. दुसरं काही नाही."

कॉर्पोरलने त्यांना हळूच बाजूला केलं, "तुम्ही मागून या" म्हणाला आणि त्यांच्या जागी उडी मारली. नेमकं खालच्या झाडीत जर्मन होते. तो जिवंत जमिनीवर पोचला नाही. कर्नलांनी उडी मारली तोवर विमान एक शेत पुढे गेलं होतं.

"मुलाला हे कळायला हवं," ते म्हणाले. "तोंडाने मला जमत नाही, सत्तर वर्षांत जमलं नाही. त्याला पुस्तकातून कळू दे. मार्चमध्ये मी परत जातोय. त्यानंतर पुन्हा प्रवास करू नका म्हणतात डॉक्टर."

घरी येऊन लॅपटॉपवर उतरवायला बसले आणि हात अडला. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा गौरव अंक मीच लिहिला होता. त्यात त्यांचं मॅट्रिकला नापास होणं 'प्रकृतीच्या कारणाने एक वर्ष गेले' असं झालं होतं, आणि सगळं घर माझ्यावर खूश होतं. आपल्याकडे मोठ्या माणसाचं उणं असंच पदराखाली घ्यायचं असतं. त्याच सवयीने मी लिहिलं, 'ऐन वेळी हुक अडकला आणि पुढे होता येईना.' वर स्वतःवर खूशही झाले.

दुसऱ्या दिवशी मी वाचून दाखवत असताना कर्नलांनी हात वर केला.

"हुक कोणी तपासला होता, मॅडम?"

"कॉर्पोरलने."

"मग तो अडकला, तर चूक कोणाची?"

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"त्याने कधी चूक केली नाही," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, त्याचंच जास्त लागलं. "तुम्ही माझी भीती त्याच्या माथी मारलीत. त्याच्या बाजूने बोलायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही."

मी माफी मागितली. ते वाक्य तिथेच खोडलं आणि त्यांच्या सांगण्यावरून पुस्तकाचं पहिलंच वाक्य बदललं, 'मी पहिला नव्हतो.' छापलेली प्रत त्यांनी निघण्याच्या आधीच्या बुधवारी मुलाच्या हातात ठेवली.

नंतर तीन दिवस शेजारून काही कानावर आलं नाही. मुलगा कामावर जाताना दिसायचा, पण मान वर करायचा नाही. बापलेकांत आपण काय करून बसलो, हा एकच विचार माझ्या डोक्यात. नवऱ्याला म्हटलं, माझा गौरव अंकच बरा होता.

निघायच्या सकाळी लाडवांचा डबा घेऊन मी फाटकाशी उभी राहिले. मुलाने वडिलांना विमानतळासाठी आणलेल्या व्हीलचेअरमधून बाहेर आणलं. अंगणात मध्येच थांबला. पाठीमागूनच वाकून त्याने खुर्चीचा पट्टा धरला, एकदा ओढला, पुन्हा ओढला. आणि वडिलांच्या खांद्यावर थाप मारली.

कर्नलांनी डोळे मिटले.

"यल्ला," ते म्हणाले.

मुलाने खुर्ची गाडीपर्यंत नेली. लाडवांचा डबा माझ्या हातातच राहिला.