पुढच्या सीटवर मोर

माझ्या गाडी चालवण्याबद्दल बोलायला आमच्या घरात कुणाला परवानगी घ्यावी लागत नाही. बायको बोलते, मुलं बोलतात, दादा फोनवरून बोलतो, आणि एकदा दूधवालाही बोलून गेला. मी पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकलो, तीही कुणीतरी वापरून कंटाळलेली. बीड शहरात मी बरा चालवतो. तिथं आडवी येतात ती माणसं, आणि माणसं निदान शिव्या तरी देतात. त्यामुळं आपलं काय चुकलं ते कळतं. नांदूरघाटाच्या पलीकडं आमच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावर मात्र सुगीच्या दिवसांत माणसांपेक्षा बाकीच्यांचीच वर्दळ जास्त. उसातून निघून तुरीत शिरणारी रानडुकरं, कधी डावीकडं तर कधी उजवीकडं पळावंसं वाटणारी हरणं, आणि रस्त्याकडेच्या मुरमात अंडी घालून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालणारी टिटवी. या सगळ्यांनी मला ओळखून ठेवलंय, अशी माझी खात्री आहे.

अशा ड्रायव्हरच्या हाती आमच्या वस्तीनं बुद्धमूर्ती दिली. कारण एकच. गाडी माझ्याकडं होती.

विहार बांधून झाला होता, पण आत इतकी वर्षं फक्त तसबीर होती. मूर्ती आणायचं वहिनीनं मनावर घेतलं. वहिनी म्हणजे दादाची बायको, महिला मंडळाची पुढारी आणि आमच्या अख्ख्या भावकीचं न नेमलेलं पोलीस खातं. तिनं बायकांना घेऊन घरोघर फिरून, लोकांचे टोमणे ऐकून, मूर्ती ठरवली. संगमरवरी, दीड हात उंच, मांडीवर हात ठेवून बसलेली. ती राजस्थानातून बीडला आली, तेव्हा वहिनी स्वतः दुकानात जाऊन बघून आली आणि तिथंच तिनं मूर्तीवर पांढरं साटीन टाकून गळ्याशी गाठी मारल्या. वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला भंतेजींच्या समोर तिनं ते वस्त्र काढायचं, असं ठरलं होतं. तोवर चेहरा कुणी बघायचा नाही. दादानंही नाही.

"माझ्याच बायकोची मला बंदी?" दादा म्हणाला होता.

"समद्यांनाच बंदी हाय," वहिनी म्हणाली. "तुमच्यासाठी येगळा कायदा कावून?"

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही बीडहून निघालो. वहिनी आदल्या दिवशीच येऊन मूर्ती दुकानातून घेऊन आली होती; ती गाडीत कुठं ठेवायची यावर आमच्या घराखाली सभा भरली. डिकीत म्हटलं तर वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी तो शब्द गिळला. मागच्या सीटवर आडवी? "बुद्धाला आडवं?" शेवटी मूर्ती पुढं माझ्या शेजारी बसली. पायाशी गोधडी, पाठीशी उशी आणि वरून बेल्ट. मागं बायको आणि वहिनी, दोघीही पांढऱ्या साड्यांत. एसी कधीच बंद पडलेला असल्यामुळं वहिनीच्या हुकमावरून पुढची डावी काच पूर्ण खाली होती. "वारं लागू द्या त्यांना."

"वहिनी, दगडाला वारं?"

"भावजी, तुमी पुढं बघा."

मी पुढं बघत होतो. इतकं पुढं बघत होतो की नेकनूर येईपर्यंत मान आखडली. वळण आलं की हॉर्न, चढ आला की हॉर्न, झुडूप हललं की हॉर्न. बायको म्हणाली, "वरात निघाल्यासारखं वाटतंय. नवरदेवही पुढंच बसलाय." वहिनी हसली नाही. तिचा एक हात पुढच्या सीटवरून मूर्तीच्या खांद्यावर होता, तो तिनं एकदाही काढला नाही.

नांदूरघाट ओलांडलं आणि पहिली परीक्षा आली. एक हरीण टणकन उडी मारून रस्ता पार करून गेलं. एक गेलं म्हणजे मागून कळप येतो, हे मला कुणीतरी शिकवलेलं. मी गाडी थांबवली. थांबलो, थांबलो. मागून एक मोटरसायकलवाला आला, माझ्याकडं बघितलं, रिकाम्या रस्त्याकडं बघितलं आणि मान हलवत निघून गेला. "अहो, चला की, भंतेजी येऊन बसले असतील," बायको म्हणाली. मी गाडी सोडली आणि तेवढ्यात बाकीचा कळप आला. नाकासमोरून, एकामागं एक, हवेतून! माझा पाय ब्रेकवर. शेवटचं हरीण पार झाल्यावर वहिनीनं मूर्तीचा खांदा चाचपला आणि म्हणाली, "हाय. हाय जागेवर."

त्यानंतर मी असा चालवत होतो की बैलगाडीनंही ओव्हरटेक केलं असतं. आणि म्हणूनच पुढचं जे झालं ते वेगामुळं झालं, असं कुणीही म्हणू शकत नाही. हे मी घरात वारंवार सांगतो. कुणी ऐकत नाही.

आमच्या गावाच्या अलीकडच्या वळणावर रस्ताभर सोयाबीन पसरलं होतं. आमच्याकडं ही रीतच आहे. थोडकं पीक असेल तर मळणीयंत्र कोण बोलावतो? काढलेलं पीक डांबरी रस्त्यावर पसरायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी शेंगा फुटतात आणि वाटसरू फुकटात मळणी करून जातात. कडेला एक बाई सुपानं उपणत उभी होती. वाऱ्यावर भुश्शाचा लोटच्या लोट येत होता. थोडं पलीकडं तिचा नवरा दाताळ्यानं शेंगा सारख्या करत होता. आणि अगदी टोकाला, रस्त्याच्या कडेला, पाच-सहा मोर दाणे टिपत होते. पिसारे झडलेले, त्यामुळं मोठाल्या कोंबड्यांसारखेच दिसत होते. माणसं दोघंच, त्यात एक उपणण्यात गुंतलेली, म्हणून ते निर्धास्त होते.

मी कडेनं गाडी काढायला लागलो, तर बाईनं हात केला. "ओ दादा! कडंनं कावून चालला? वरून घ्या की चाकं!"

"वरून नको हो," मी ओरडलो, "आत मूर्ती आहे."

"मूर्तीला काय हुतंय? सावकाश घ्या. लई उपकार हुतील."

आता सांगा, पौर्णिमेच्या दिवशी, असा पाहुणा शेजारी बसवून, कुणाला नाही म्हणायचं? मी चाकं सोयाबीनवर घातली. चार हात गेलो आणि स्टिअरिंगचा आणि चाकांचा संबंध तुटला. फुटलेल्या शेंगांखाली दाणे होते, आणि ते गोल गोल दाणे म्हणजे छर्रे! मी डावीकडं वळवतोय, गाडी सरळ चाललीय. मी ब्रेक दाबतोय, गाडी आणखी मजेत चाललीय. थेट मोरांकडं.

आणि मी हॉर्न वाजवला. सकाळपासून वाजवत होतो, हात त्याच कामाला चटावला होता.

मोर उडाले. मोराला उडायला थोडं धावावं लागतं, ते त्यांना मिळालं नाही. दोन टपावरून गेले, एकाचा पंख काचेवर फाडकन आपटला, आणि एक, मी शपथेवर सांगतो, वारा लागावा म्हणून उघड्या ठेवलेल्या त्या डाव्या काचेतून सरळ आत आला. गाडी फिरली आणि कडेच्या पाण्याच्या चारीत एक चाक उतरून थांबली. माझं तोंड स्टिअरिंगवर. आणि पुढच्या सीटवर, मूर्तीच्या मांडीवर, जिवंत मोर!

तो कसा ओरडला! लांबून ऐकताना बरं वाटतं ते. कानाशी ऐकू नये. पंख डॅशबोर्डवर, पंख माझ्या डोक्यावर, पंख मूर्तीच्या तोंडावर. भुसा, पिसं, धूळ. मी काय केलं? मूर्ती, बायको आणि वहिनी यांना आत ठेवून सगळ्यात आधी मी बाहेर पडलो.

"अहो, आम्ही आत आहोत!" बायको किंचाळली. मी मागचं दार उघडलं. ती उतरली. वहिनी उतरेना. तिनं मागून दोन्ही हातांनी मूर्तीला कवळ घातली होती आणि मोर तिच्या मनगटावर नखं मारत होता.

"वहिनी, सोडा! उतरा!"

"सोडून कसं? आपटंल ना ती! नाक गेलं तर काय बसवायचं विहारात? बिननाकाचा बुद्ध?"

तेच तर होतं सगळं. भंगलेली मूर्ती बसवायला वस्तीनं नकार दिला असता, आणि तो नकार वहिनीच्या तोंडावर आला असता. बायकांच्या हातून काय व्हायचंय, असं म्हणणारे तिथं कमी नव्हते.

बाईचा नवरा दाताळं उगारून धावत आला. "थांबा, हाणतो त्याला!"

"दाताळं खाली ठेवा!" वहिनी आतून गरजली. "पौर्णिमा हाय आज!"

"आणि राष्ट्रीय पक्षी आहे हो तो," मीही बाहेरून सुरक्षित अंतरावरून म्हणालो. "त्याला काही झालं तर आपण जेलमध्ये."

"ताडपत्री आणते!" बाई पळाली. पण ताडपत्री सोयाबीनच्या ढिगाखाली होती.

मोरानं पुन्हा उसळी मारली. मूर्ती बेल्टमध्ये हलली. टक् असा आवाज झाला. वहिनीचा चेहरा मला मागच्या काचेतून दिसला. ती मूर्तीकडं बघत नव्हती, साटीनकडं बघत होती. एका क्षणात तिनं मान पुढं घातली, गळ्याशी मारलेल्या त्या गाठी दातानं ओढल्या, एका हातानं मूर्ती धरून दुसऱ्या हातानं वस्त्र ओढलं आणि मोराच्या डोक्यावर टाकलं.

एकदम शांत. डोळ्यांपुढं अंधार झाल्यावर मोर जागच्या जागी बसला. वहिनीच्या घरी कोंबड्या आहेत. तिच्या लेखी हीही एक मोठी कोंबडीच. "भावजी," ती हळू आवाजात म्हणाली, "उचला."

"मी?"

"मग कोन? मूर्ती उठून उचलंल?"

मी उचलला. जड होता, ऊन होता, आणि त्या साटीनखाली त्याचं काळीज असं धडधडत होतं की माझं कुठलं आणि त्याचं कुठलं कळेना. तुरीच्या कडेला नेऊन ठेवला. तो वस्त्रासकट धावत सुटला. पांढरं साटीन पायांवर पळतंय! मग ते तुरीला अडकलं, त्यातून निळी मान वर आली, एकदा माझ्याकडं बघून तो पिकात दिसेनासा झाला. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. एकटाच.

वस्त्राची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. घाबरलेला पक्षी जे करतो ते सगळं त्यानं त्यावर केलं होतं.

परत आलो तर सगळे गाडीत डोकावत होते. बायकोच्या हातात एक पांढरा टवका होता. पुढच्या सीटखाली सापडलेला.

"नाक बघा," वहिनी म्हणाली. तिला स्वतःला बघवत नव्हतं. बायकोनं नाक चाचपलं. होतं. कान? दोन्ही होते. बोटं एकेक करून बघितली. केसांचे वळे, ओठ, हनुवटी. सगळं जागेवर. मग हा टवका कशाचा? पुन्हा नाकापासून सुरुवात.

"मी म्हणतो, खालून निघाला अशेल," मी म्हणालो, आणि तिघींनी माझ्याकडं बघितलं. 'स' मधून वारा का जातोय, हे मला जिभेनं कळलं. पुढचा अर्धा दात नव्हता.

बायको मटकन चारीच्या कडेला बसली आणि हसायला लागली. बाई हसली, तिचा नवरा हसला. वहिनी मात्र रडत होती, तोंडाला पदर लावून. "तुमचा दात हाय व्हय! बरं झालं!" ती म्हणाली. माझ्या दाताबद्दल इतक्या मनापासून आनंद आजवर कुणी व्यक्त केलेला नाही.

बाईनं मूर्तीला हात जोडले. "भुश्शातूनबी चेहरा लई गोड दिसतोय," ती म्हणाली. वहिनीनं डोळे पुसले आणि त्या दोघांकडं बघत पुटपुटली, "समद्यांच्या आधी ह्यांनीच बघितला." नवरा-बायकोनं गाडी ढकलून बाहेर काढून दिली.

वस्तीत पोचलो तेव्हा रांगा लागल्या होत्या, हातात फुलं होती, भंतेजी विहाराच्या दारात उभे होते. दादा पुढं आला. माझ्या ओठांवरचं रक्त त्याला दिसलं असणार, पण त्यानं विचारलं, "मूर्ती?"

"बरी आहे. मीही बरा आहे."

पण दादानं खिडकीतून आत बघितलं होतं आणि त्याला कळलं होतं की वस्त्र नाही. तो वहिनीकडं वळला. तिनं सगळं एका दमात सांगितलं. मोर, सोयाबीन, साटीन. ऐकणाऱ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी म्हणालं, दुसरं कापड आणा, झाका पुन्हा. वहिनी म्हणाली, "आता कशाला झाकायचं?" आणि तिचा आवाज बारीक झाला. तिनं कुणाला किती दिवस कसं थोपवलं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

चौघांनी मूर्ती आत नेऊन बसवली. बसवल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की चेहरा नीट दिसतच नाही. सोयाबीनचा भुसा, वस्त्र निघाल्यावर उघड्या काचेतून वाटेभर आलेली धूळ आणि मोराच्या पंखांनी फासलेलं कायकाय, यांनी संगमरवर मातकट झाला होता. डोळे कुठं आणि ओठ कुठं, तेही कळेना.

भंतेजींनी तांब्या वहिनीकडं सरकवला. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं, पिळलं आणि कपाळापासून सुरुवात केली. तो पांढरा पदर तपकिरी होत गेला. आधी भुवया निघाल्या, मग मिटलेले डोळे, मग ते नाक. विहारात इतके लोक होते, पण पिळलेल्या पदराचं पाणी तांब्यात टपकतंय ते ऐकू येत होतं. ओठांशी आल्यावर तिचा हात थांबला, कारण मागून दादा टाचा उंचावून बघत होता.

"थोडं बाजूला हो की," तो म्हणाला. "मला दिसंना."

ती बाजूला झाली नाही. तिनं ओठ पुसून काढले, तांब्या खाली ठेवला आणि मगच सरकली. लोकांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं. मीही म्हटलं. माझं जरा वेगळं ऐकू आलं असेल.