काळ्या पानाची उतरण

ये बाई, अशी जवळ सरक. पत्र वाचायचं आहे म्हणून लांब बसायचं असं काही न्हाई. आधी थोडं रागवून घेते. "आई, घराचं रंगकाम होईपर्यंत महिनाभर एवढं झाड सांभाळ," असं म्हणून तू पुण्याहून मांडीवर कुंडी घेऊन लातूरला आलीस, आणि तो महिना अजून संपला न्हाई. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, भिंतींचा रंग आता जुना झाला असेल. फोन केलास की पहिला प्रश्न, "झाड कसंय?" माझे गुडघे त्याच्यानंतर.

झाड कसं आहे, ते मी तुला आजवर खरं सांगितलेलं नाही. आज सांगते.

तू ठेवून गेलीस त्या दिवशी मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. काळं पान मी जन्मात पाहिलं नव्हतं. हातभर लांब, खाली लोंबणारं, स्पर्शाला मखमलीच्या पोलक्यासारखं. खिडकीच्या उजेडात तिरकं बघितलं की काळ्याच्या आत हिरवं दिसायचं आणि हिरव्यात बारीक सोन्याची चकाकी. तुझे बाबा चष्मा पुसून आले.

"करपलंय का हे?"

"असंच असतं म्हणे."

"मग करपल्यावर कसं कळायचं?"

प्रश्न बरोबर होता, पण मी त्यांना तसं म्हटलं नाही.

तू कागदावर लिहून दिलं होतंस. ऊन नको, हवा दमट पाहिजे, पानांना हात लावायचा नाही. तो कागद मी फ्रिजला चिकटवला आणि मनात म्हटलं, ही मला काय शिकवून राहिली, मी पानमळेवाल्याची लेक. वेल म्हणजे वेल. बुंध्याच्या गाठीगाठीला मुळ्या, शेंडा वर धावणारा, सगळं पानवेलीसारखंच.

पण खरं सांगू का, नांदेडकडच्या आमच्या त्या मळ्यात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. आमच्या घरात बायकांनी आत जायचं नाही अशी रीत होती. पान नासतं म्हणायचे. पांगाऱ्यावर, शेवग्यावर चढवलेल्या वेली, आत भर उन्हाळ्यात गार अंधार, आणि आम्ही पोरी कुंपणाच्या फटीतून बघणार. तोडलेली पानं ओल्या फडक्यावर रचायची, ते आमचं काम. वेलीला हात लावायचा तो तुझ्या मामानं, म्हणजे माझ्या दादानं, आणि गड्यांनी. म्हणजे माझी सगळी विद्या फटीतून दिसली तेवढी.

फटीतून मला दिसलं होतं की पानवेलीवर पाणी शिंपडतात. म्हणून मी रोज संध्याकाळी शिंपडलं, आपल्या बोअरचं. त्या पाण्यानं आपली बादली पांढरी होते, हे रोज बघते, पण डोक्यात आलं नाही. आठवड्यात काळ्या मखमलीवर चुन्याचे ठिपके. मग ते पुसायला पदराचं टोक खोबरेल तेलात बुडवलं. ठिपके गेले, आणि त्यांच्याबरोबर मखमलही गेली. एका पानावर तळहाताएवढं टक्कल पडलं.

मग उन्हाळा आला. दमट हवा पाहिजे म्हणून कुंडी कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवली. कूलरचा वारा त्याला दिवसभर थोबाडीत मारत होता, हे मला खालची सहा पानं पिवळी पडून गळाल्यावर कळलं. कमरेइतका उघडा बुंधा, आणि वर चार पानं.

तेव्हाच तू व्हिडिओ कॉल करायचीस. फोन बाबांच्या हातात, आणि मी मागून कुजबुजायची, "वर धरा, वर धरा!"

"आई, खालचं दाखव ना."

"खाली पुसून राहिले गं, ओलं आहे," असं मी म्हणायची. दर वेळी ओलं. तुलाही संशय आला नाही, याचं मला नवल वाटतं.

शेवटी नांदेडला दादाला फोन लावला. सगळं ऐकून तो आधी पोट धरून हसला.

"घरात मळा लावला का? आता तर तुला आत जायला कुणी अडवत न्हाई!"

"हसू नको. खाली काही उरलं न्हाई, वर शेंडा हाय. काय करू?"

"मग उतरव की."

उतरण. वर्षातून एकदा वेल आधारावरून खाली घ्यायची, पानं तोडून उघडा झालेला बुंधा वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा वर बांधायचा. ते मी फटीतून पाहिलं होतं. पण बाहेरून नुसत्या वाकलेल्या पाठी दिसतात, हात काय करतात ते दिसत नाही.

"दादा, लेकीचं झाड हाय. मेलं तर?"

"पानवेल मरत न्हाई. तुझ्या काळ्या बाईचं मला ठाव न्हाई."

दोन दिवस मी नुसती बघत बसले. तुला विचारावं, तर तू नको म्हणाली असतीस. आणि नाही करावं, तर चारची तीन पानं व्हायला किती वेळ. तिसऱ्या दिवशी एका घमेल्याला बाबांकडून भोकं पाडून घेतली. त्यात नारळाच्या शेंड्या पिंजून घातल्या, कोळशाचे तुकडे, कुजका पाला, थोडी माती. वेल काठीवरून सोडवली. बुंधा हळूहळू घमेल्यात वाकवला, अजून थोडा वाकवला, आणि काड् असा आवाज आला.

बाबा दारातच थांबले. "तुझा गुडघा का?"

"झाड."

बुंधा अर्धा चिरला होता. मी जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळली, गाठी पिंजलेल्या नारळाच्या शेंड्यांना टेकवून वरून माती लोटली, शेंडा काठीला बांधला आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर रोज सकाळी उठून नखानं माती बाजूला करून बघायची. बाबा म्हणाले, "अंड्यावर बसलेल्या कोंबडीला असं रोज उठवतात का?" पण मला राहवेना. मातीत ती गाठ काय करत असेल, तिला कसं कळत असेल की आता मूळ व्हायचं की पान? पंधरा-वीस दिवस काही नाही. मग एका गाठीला पांढरं, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. दुसऱ्या गाठीला हिरवट टोक. शेंड्याचं एक पान गेलं, तीन टिकली.

आणि ते टोक उलगडलं तेव्हा मी बाबांना आंघोळीतून बाहेर बोलावलं. पान काळं नव्हतंच! तांब्याच्या रंगाचं, बाळाच्या कानाच्या पाळीसारखं पातळ. रोज चहाचा कप घेऊन समोर बसले. तांब्याचं पोपटी झालं, पोपटीचं हिरवं, आणि मग कडेकडेनं काळं उतरायला लागलं. काळं येतं कुठून, हे मला अजून कळलेलं नाही. तुला माहीत असेल तर सांग. पण फोनवर नको.

आता घमेल्यात तीन ठिकाणी फूट आहे. बुंधा जिथं चिरला, तिथं दोन्ही बाजूंनी मुळं धरली आहेत. दादा म्हणतो, आता कापून वेगळं करायची वेळ झाली, उशीर केला तर मुळं एकमेकांत गुंततील. बाकी सगळं मी न विचारता केलं. कापणं तेवढं नाही करणार. झाड तुझं आहे; कुठं कापायचं, किती न्यायचं, काही ठेवायचं का, ते तू ठरव. टकलं पान अजून तसंच आहे, ते दिसेलच. रागवायचं असेल तर इथं येऊन रागव. पण लवकर ये.