रिकाम्या फरशीवरचे शंभर

भूतबित मी मानत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या या सदरातले निम्मे अनुभव वाचून माझं डोकं फिरतं. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... पुरे की! अंगात येण्याविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिली आहेत, नाशिक रोडच्या बाजारात उभी राहून वाटली आहेत आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या आहेत. तरी लिहितेय. कारण कुणाचे तरी आभार मानायचे राहिलेत — आणि ते कुणाचे, हेच मला माहीत नाही.

आमची वस्ती एकलहऱ्याच्या रस्त्याला. दोन विहिरी, वरची आणि खालची. वरच्या अंगाला एका मालकानं शेड टाकलं होतं, लोखंडाच्या वस्तूंना चकाकी चढवायचं. चकाकी गिऱ्हाइकाला, आणि उरलेलं विषारी पिवळं पाणी आमच्या उशाशी, एका कच्च्या खड्ड्यात! दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाला वरच्या विहिरीला पिवळट झाक आली. ती आम्ही बंद केली. राहिली खालची. सगळी वस्ती तिच्यावर. घरात वहिनीला सातवा महिना, तीही तेच पाणी पिणार.

मी लगेच पत्रक छापून मोकळी. ‘वरची विहीर मारली, खालची वाचवा! खालचं पाणी शुद्ध आहे, निर्धास्त प्या!’

“शुद्ध आहे हे तुला कुणी सांगितलं?” पगारे सरांनी विचारलं.

सर आमच्याच वस्तीत वाढलेले, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांचं संशोधन म्हणजे एक गोष्ट दुसरीतून कशी सरकते याचं गणित. उष्णता लोखंडातून, मीठ पाण्यातून, धूर हवेतून... सगळ्यांचं समीकरण एकाच जातीचं, असं ते म्हणायचे आणि मग स्वतःच हसायचे, “जात एवढ्यापुरतीच मानतो मी!”

“विष खालच्या विहिरीपर्यंत कधी पोचेल, हे काढता येईल,” सर म्हणाले. “पण मुंबईला कॉम्प्युटरवर नंबर लागायला दोन महिने जातील.”

“तोवर आम्ही काय करायचं?”

“तोवर तुम्हीच कॉम्प्युटर व्हा.”

आमच्या विहाराच्या हॉलला शहाबादी फरशी आहे. सात ओळी, प्रत्येकीत सात फरश्या. सरांनी त्यावर खडूनं वस्तीचा नकाशा मांडला. एक फरशी म्हणजे वस्तीतला एक तुकडा. रविवारी सकाळी ज्यानं त्यानं आपापल्या घराच्या फरशीवर बसायचं. पहिल्या फेरीला, खड्डा सोडून, सगळ्यांचा आकडा शून्य. पुढे नियम एकच — चारी बाजूंच्या शेजाऱ्यांचे मागच्या फेरीचे आकडे विचारायचे (कडेला शेजारी नसेल तिथं शून्य), बेरीज करून चारनं भागायचं, येईल तो आपला नवा आकडा. सरांनी थाळी वाजवली की पुढची फेरी. एक फेरी म्हणजे एक आठवडा. अशा दहा.

खड्ड्याच्या फरशीवर काशिनाथमामा. त्यांना भागाकार नाही, फक्त दर फेरीला शंभर म्हणायचं.

“आयुष्यभर प्रेसमधी नोटा मोजल्या,” मामा म्हणाले, “आन् आता खड्डा झालो!”

“मामा, शोभताय!” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा हॉल हसला.

मी बसले खालच्या अंगाला, विहिरीच्या फरशीवर. माझ्या डावीकडची फरशी रिकामी होती. तिथं प्रत्यक्षात मोकळी जागा, घरच नाही. सर म्हणाले, ती शून्य धरा. म्हणजे माणसं अठ्ठेचाळीस. चिठ्ठ्यांसाठी मी त्या अजून न वाटलेल्या पत्रकांपैकी बारा घेतली आणि प्रत्येकाचे चार तुकडे केले. बारा चोक अठ्ठेचाळीस. हे नीट लक्षात ठेवा.

दोन तास भागाकार चालले. लहान पोरींनी भाजीवाल्या आत्याबाईंचे अपूर्णांक दुरुस्त केले, आत्याबाईंनी पोरींना दटावलं. शेवटी सरांनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि मोजल्या.

एकोणपन्नास.

जास्तीची चिठ्ठी रिकाम्या फरशीची होती. कोपऱ्यात कितवी ओळ, कितवी फरशी ते बरोबर लिहिलेलं, नावाची जागा कोरी. पहिल्या दोन फेऱ्यांत शून्य. तिसरीपासून शेवटपर्यंत — शंभर, शंभर, शंभर.

“ही चेष्टा कुणाची?” मी ओरडले. “हे शंभर खड्ड्याचे आहेत, खड्डा तिकडे टोकाला!”

सरांनी शांतपणे माझी चिठ्ठी माझ्यासमोर धरली. चौथ्या फेरीत, माझ्याच अक्षरात, पंचवीस. शून्य, शून्य, शून्य आणि डावीकडून शंभर, भागिले चार. त्या फरशीचे बाकीचे तिन्ही शेजारी, त्यांचंही तेच. दहाव्या फेरीला विहिरीचा आकडा तीसच्या वर गेला होता. ती चिठ्ठी काढून सरांनी पुन्हा हिशेब केला, तर एकसुद्धा होत नव्हता. म्हणजे एक चिठ्ठी फेकली की माझं पत्रक खरं.

“फेका ती,” मी म्हणाले.

तेव्हा माझी आई उठली. “का फेकायची? शिरगणतीच्या वेळी दारोदार कोण हिंडत होतं? काय लिहिलं होतं तू? ‘प्रत्येक माणूस मोजला गेलाच पाहिजे.’ मग हा माणूस का नाय मोजायचा?”

“आई, तिथं माणूसच नव्हता!”

“मग तू आकडा कुणाचा उतरवलास, पोरी?”

कुणाचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. एवढंच आठवतं, की डावीकडे वळून मी आकडा घेतला आणि “बरं” म्हणाले. रिकाम्या फरशीला कुणी बरं म्हणत नाही.

वस्तीनं आईचं ऐकलं. मोजणीच्या दिवसापासून खालच्या विहिरीचं पाणी प्यायचं बंद. बायका स्टेशनकडच्या नळावर रांगा लावू लागल्या, आणि मी दिसले की, “आली बघा शंभरवाली!” पहिला आठवडा, दुसरा, तिसरा... विहीर काचेसारखी नितळ. वहिनीला मी हंडा उचलू देत नव्हते, तिच्या वाटच्याही खेपा मीच घालायचे. मनात म्हणायचे, काय मूर्खपणा लावलाय आपण!

चौथ्या आठवड्यात मामांनी भांडी घासायला बादली काढली आणि जागेवरूनच हाक मारली, “पोरी... ये गं इकडं.” पाणी पिवळं होतं.

मग आम्ही ती मोकळी जागा खणली. कंबरभर मातीखाली काळा खडक लागला आणि खडकात हात जाईल एवढी भेग, सरळ वरच्या शेडच्या दिशेनं. आत पिवळं पाणी झुळझुळत होतं. बाटलीत भरून तपासून घेतलं. खड्ड्यातलं जसंच्या तसं, वाटेत थेंबभरही पातळ न झालेलं. शंभर ते शंभरच. त्या बाटलीच्या जोरावर आम्ही भांडलो आणि खड्डा बंद करवून घेतला. पुढे सरांनी मुंबईला कॉम्प्युटरवर ती भेग धरून हिशेब लावला. आकडे आमच्या विहारातल्यांशी जुळले.

भेगेचं कोडं सुटलं. चिठ्ठीचं नाही. मी तपास केला नाही असं समजू नका. वाटलं, मामांचाच शंभर आमच्या कानावर पडला असेल. पण मामा टोकाला होते, आणि मग पहिल्या दोन फेऱ्यांत शून्य का? अक्षर वस्तीत कुणाशी जुळेना. चिठ्ठी मात्र माझ्याच पत्रकाचा चौथा हिस्सा. मागे छापलंय, ‘निर्धास्त प्या!’ उरलेला गठ्ठा मी मोजला. बाराच कमी होती. कुणी जाणकारानं मुद्दाम केलं असेल, तर पुढे यावं, मी पाया पडेन. जमिनीखालचं त्याला कसं कळलं, तेवढं फक्त सांगावं. अमानवी वगैरे मी म्हणणार नाही. मला कळलेलं नाही, एवढंच म्हणेन. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला हे वाक्य फार जड जातं.

वहिनीला मुलगी झाली. ठणठणीत. सध्या माझी पत्रकं फाडते.

खड्डा बंद झाल्यावर आम्ही आभाराचं पत्रक काढलं. हिशेबाला बसलेल्या सगळ्यांची नावं खाली, एकाखाली एक. प्रूफ बघताना छापखान्यातले काका म्हणाले, “ताई, एकोणपन्नासाव्या आकड्यापुढे नाव राहिलंय.”

“राहू द्या,” मी म्हणाले. “ओळ मात्र काढू नका.”