आत्याबाईंनी बसवलेली काच

चालत्या ट्रॉलीतला ऊस उपसायला आमच्याकडं वयाची अट नसते. तरी साठी ओलांडलेल्या सासूनं तो गाडीच्या खिडकीतून उपसावा, आणि गाडी मी चालवत असताना? सांगा आता!

सासूला मी आत्याबाई म्हणते. आम्ही दोघी तेलगावहून माजलगावच्या बाजाराला निघालो होतो. पुढं उसाचा ट्रॅक्टर रेंगाळत होता. त्याला ओलांडायला मी गाडी शेजारी घेतली, तर डावीकडं बसलेल्या आत्याबाईंनी अर्ध्या काचेवरून हात घालून एक ऊस धरला.

"सोडा! सोडा!" मी ओरडले.

"आता कसं सोडू? निम्मा आलाय की!"

ऊस तिकडं मोळीत अडकलेला, इकडं काचेवर रेटलेला. फाट्‌दिशी काचेचा चुरा झाला आणि सगळा आत्याबाईंच्या मांडीवर. हातात वीतभर टिपरू उरलं. नशीब, कुणाला खरचटलं नाही. मी चिडून तोंड उघडणार, तोच त्या टिपरू चावून म्हणाल्या, "गोड हाय गं." मग काय, हसून हसून गाडी कडेला घ्यावी लागली.

हसू ओसरलं तसं मला घर आठवलं. नवरा कामाला मोटारसायकलवर जायचा आणि ही गाडी दारात झाकून ठेवायचा. लायसन्स मिळाल्यावर किती भांडून मी किल्ली मिळवली होती, तीही अटीवर. गाडीला काही झालं तर किल्ली परत, पुन्हा मागायची नाही. आणि संध्याकाळी तो घरी येणार होता.

माजलगावात भंगारवाल्या चाचांकडं तशीच काच मिळाली, पण बसवणारा नव्हता. "मेकॅनिक शादी में गया, कल आव," चाचा म्हणाले.

"उद्या कशाला? मी शिलाई मशीन खोलते," आत्याबाई म्हणाल्या. "दार म्हंजी काय लई मोठं हाय का?"

घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ लावला. मी स्क्रू काढले. आत्याबाईंनी उलथन्याला फडकं गुंडाळलं आणि दाराचं आतलं आवरण कडेकडेनं उचकटलं. प्लॅस्टिकच्या खुंट्या फटाफट निघाल्या, दोन तुटल्या. आतला चुरा कसा काढायचा? त्यांनी कणकेचा गोळा मळून आणला आणि कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला. बारीक कणसुद्धा चिकटून आले. मग रबराला साबणाचं पाणी लावून मी काच तिरकी आत सोडली. मी वरून धरून, त्या खालून पान्यानं आवळतायत.

"सोडू का?"

"सोड, मग बघते तुला!"

सगळं जोडलं, किल्ली फिरवली, बटण दाबलं. काच ढिम्म हलेना. माझी तर सटकलीच. "गेली किल्ली! आता बसा घरात तुमचा ऊस चघळत!" डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. आत्याबाई मात्र शांतपणे आवरणाच्या फटीत डोकावत होत्या.

"ही शेपटी कशाची गं?"

वायरचा प्लग! जोडायचाच राहिला होता. तो लावला आणि बटण दाबलं, तर काच सुळ्ळकन वर! आत्याबाईंनी टाळी वाजवली. मग खाली. मग पुन्हा वर. मला बटणाला हातच लावू देईनात. आम्ही दोघी गाडीत बसून खिदळत होतो. घरी एक अक्षर बोलायचं नाही, अशी शपथसुद्धा घेतली.

तेवढ्यात नवऱ्याची मोटारसायकल फाटकात आली. तो उतरायच्या आत आत्याबाई काच खाली घेऊन ओरडल्या, "बघ रं! काच म्या बसवली!"

झालं! मी कपाळावर हात मारला.

"कोणती काच? कावून बसवली?" तो खिडकीशी आला. आत्याबाईंनी सगळं रंगवून सांगितलं, काही लपवलं नाही. मग त्यानं खिडकीतून हात आत घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "किल्ली."

मी किल्लीला हात लावला. हसू कुठल्या कुठं पळालं होतं.

"हात काढ," आत्याबाई त्याला म्हणाल्या.

"आई, तू मधी पडू नको."

त्यांनी बटणावर बोट ठेवलं. काच वर येताना बघून त्यानं हात झटकन मागं घेतला. काच पार वरपर्यंत गेली. बाहेर त्याचं तोंड हलत होतं, आत काही कळत नव्हतं.

"चल," आत्याबाई पदर सावरत म्हणाल्या.

"कुठं?"

"कुठं बी. पेट्रोल हाय न्हवं?"

पेट्रोल होतं. मी गाडी सुरू केली.