गळालेला 'व'

छापखान्यात तिला सगळे रफारबाई म्हणत. बावीस वर्षं ती प्रुफं वाचत होती आणि तिच्या नजरेतून साधी वेलांटीही सुटत नसे. मशीनवाला म्हणायचा, "बाईंना जेवायला वाढलं तर आधी ताटातल्या चुका काढतील."

घरी मात्र तिचा सगळा जीव लेकीत अडकलेला. लेक कॉलेजात एमएस्सी करत होती, आणि प्रकल्पाचा विषय काय, तर निरोगी माणसांनी रोज आंबवलेल्या भाज्या खाल्ल्या तर आतड्यांतल्या जिवाणूंवर काय परिणाम होतो! त्यासाठी तिला तीस धडधाकट माणसं हवी होती. सहा आठवडे, रोज चार चमचे. महिनाअखेर तीस नावं जमली नाहीत तर विषय बदला, असं मॅडमनी बजावलं होतं. ओट्यावर मिठाच्या पाण्यात कोबी-गाजराच्या बरण्या फसफसत होत्या. झाकण उघडलं की रफारबाई नाकाला पदर लावायची.

"अगं, कुणाला काही झालं तर?"

"आई, मीठ मोजून घातलंय, आंबटपणा तपासलाय. आजारी माणसं घेतच नाहीये मी."

"तरी पण..."

"तुझं 'तरी पण' संपलं की सांग. मला माणसं हवीत."

आवाहनाचा कागद आईच्याच छापखान्यात छापला, प्रूफ आईनेच वाचलं. तो कॉलेजात लागला, वाचनालयात लागला. आठवड्यात नावं आली दोन. फोन मात्र बरेच आले, आणि सगळे हसणारे. एकाने तर विचारलं, "सोबत नासकं दूध पण देणार का?"

लेकीने कागद आईपुढे धरला. 'आंबलेल्या भाज्या खाण्यासाठी निरोगी माणसे हवीत.'

'आंबवलेल्या'मधला 'व' गळाला होता. टाइप करणाऱ्याने गाळला हे खरं, पण तिला तो खटकलाच नव्हता. दोन महिने तिच्या मनात ती भाजी आंबलेलीच होती.

"मी कागदावरचं नाही गं, माझ्या मनातलं वाचलं," ती म्हणाली. लेकीने तिचंच लाल पेन तिच्यापुढे ठेवलं. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रफारबाई बरणी घेऊनच कामावर गेली. जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांदेखत चमचाभर भाजी तोंडात टाकली. आंबट, खारट, कुरकुरीत. तिने आणखी एक चमचा घेतला.

"बाई, हे प्रायश्चित्त का?" बाइंडरने विचारलं.

"चूक माझी, भाजी चांगली आहे. नाव देता?"

"तुम्ही दिलंत?"

"मला घेत नाही ती. म्हणे, आई खोटं सांगेल."

हशा पिकला. मशीनवाल्याने बरणीचा वास घेतला. "इतकी वर्षं शाईचा वास पचवलाय, ह्याने काय होतंय?" त्याने नाव दिलं. बाइंडरने स्वतःचं दिलं, बायकोचं दिलं, न विचारता मेहुणीचंही देऊन टाकलं. दुरुस्त कागद रफारबाईने स्वतः हिंडून चिकटवले. महिनाअखेर एकतीस नावं झाली.

पहिल्या आठवड्यात काहींच्या पोटात गुडगुडलं. मशीनवाला यंत्राच्या आवाजावर ओरडून रोज बातमी द्यायचा, "बाई, आज ढगाळ!" मग तेही थांबलं. एकाने कंटाळून सोडलं. तिसांनी सहा आठवडे पुरे केले.

"मग? काय निघालं?" रफारबाईला धीर धरवेना.

"बरणीतले थोडे जिवाणू बऱ्याच जणांच्या तपासणीत दिसले. बाकी आतली वस्ती जवळपास होती तशीच. काहींना हलकं वाटलं, काहींना काहीच नाही."

"एवढंच?"

"अगं, धडधाकट माणसांचं मुळात बिघडलेलंच नसतं काही. सुधारणार तरी किती?" लेक हसत होती. "एवढंच निघालं, पण ते मी मोजलंय. मॅडमनी मान्य केलं."

प्रबंधाची प्रुफं रफारबाईने दोनदा वाचली, दुसऱ्यांदा शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक शब्द सुटा करून. मग पानं बाइंडरकडे गेली. त्याने नेहमीचा पुठ्ठा बाजूला ठेवला आणि कपाटातून निळं कापड काढलं.

"आमची पोटं आहेत ह्यात," तो म्हणाला, "जरा नीट बांधतो."