बोलाशिवाय खो

खोबाईंनी मैदानात "खो" म्हटलं की डोंगरकड्याच्या बसथांब्यावर उभा असलेला माणूसही दचकायचा. देशाकडून खो-खो खेळून आलेल्या या बाईंना गावानं सरळ खोबाई करून टाकलं होतं. आम्ही मुली त्यांना नुसतं बाई म्हणायचो.

देशाच्या संघाचा निळा कोट होता त्यांच्याकडे. दुसऱ्या कुणी तो काचेच्या कपाटात ठेवला असता. बाई तो मैदान आखायच्या चुन्याच्या पोत्यावर टाकायच्या, दंवानं चुना भिजू नये म्हणून. कुणी हळहळलं तर म्हणायच्या, "मला आता कोण पाहून राहिलं? रेघा दिसल्या पाहिजेत."

खो-खोत बसलेल्या गड्याला उठवायचं तर मागून पाठीवर हात लावायचा आणि त्याच क्षणी "खो" म्हणायचं. हात लागला, पण शब्द आला नाही तर फाऊल. यात बाईंनी कधी सूट दिली नाही. एकदा जिंकत आलेल्या डावात मी घाईनं गपचूप हात लावला, तर त्यांनी आपल्याच पोरींविरुद्ध शिट्टी फुंकली. "पाठमोरं माणूस हाय ते. तोंडानं सांगावं, मग उठवावं."

माझे आईबाप तांड्यावरचे. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे, आणि सातवीनंतर मीही जायचं ठरलं होतं. बाई घरी येऊन ओट्यावर बसल्या.

"पोरगी माझ्यापाशी राहू द्या."

"किती दिस?" बापानं विचारलं.

"खेळून राहिली तवर."

चार हिवाळे त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही पाच मुली राहिलो. मैदानावरची रेघ तसूभर हलू न देणाऱ्या बाईंची भाकरी मात्र कधी गोल झाली नाही. त्या वाकड्या भाकऱ्यांवर मी शिकले.

पुढं नोकरी लागून मी हिंगोलीला आले. बाईंचा फोन यायचा. "गुडघे ऐकून न्हाई राहिले गं. रविवारी येत जा, शिट्टी हाती घे. माझ्यामागं या लेकरांकडं कोण पाहील?" मी "येते बाई" म्हणायचे. मग कधी ऑफिसचं काम निघायचं, कधी पाहुणे. दोन वर्षं मी त्यांना नुसतं येते-येतेवर ठेवलं. सांगायला लाज वाटते.

मग बाईंना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि तो आवाजही गेला. दवाखान्यात मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले, डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून पाठ करून. थोड्या वेळानं पाठीवर हात पडला. डावा होता, पण मैदानावर पडायचा तसाच, सपाट पंजाचा. मी वळून पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

"कळलं बाई," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आता दर रविवारी मी डोंगरकड्याला जाते. चुन्याचं पोतं त्याच कोटानं झाकते. परवा एका मुलीनं न बोलता पुढचीच्या पाठीला हात लावला आणि मी फाऊल दिला. बाईंच्या नियमानं त्यांनी मला दिलेला तो शेवटचा खोही फाऊलच होता. त्याआधी दोन वर्षं त्या तोंडानं सांगत होत्या, तेव्हा मी उठले नाही.